आजपर्यंतची बेरीज

१

आईचे शब्द मी रोज संध्याकाळी लिहायचे, वाळलेले कपडे घड्या करून कपाटात ठेवले की.

झटका आला त्यात आईचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. हाताचं काय झालंय ते डॉक्टरांनी आम्हाला चित्र काढून समजावलं. बोलणं गेल्याचं कुणी समजावायची गरज नव्हती. आमची आई कपडे दुरुस्त करून द्यायची. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं मशीन होतं आणि समोर गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. पँट आखूड करायची, चेन बदलायची, कंबर सैल करायची. मापं घेताना तोंडात टाचण्या धरायची आणि टाचण्या धरूनसुद्धा बोलायची. लोक म्हणायचे, काम लगेच होतं, पण तिथून निघायला तास लागतो. अशा बाईच्या तोंडून दवाखान्यात एकच शब्द निघत होता, तो म्हणजे ‘अगं’. भूक लागली तरी अगं, कळ आली तरी अगं. धाकटा भाऊ परगावाहून धावत आला, त्याला पाहूनसुद्धा अगं. तो बिचारा रडता रडता हसला.

घरी आणल्यावर तिची वाचा सुधारावी म्हणून एक थेरपिस्ट बाई यायला लागल्या. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, “रोज किती शब्द आपणहून बोलल्या ते लिहून ठेवा. आपण म्हटलेलं त्यांनी परत म्हटलं, तर ते धरायचं नाही. आणि ते ‘अगं’ही धरायचं नाही.”

मी मालवाहतुकीच्या कंपनीत डिझेलचा हिशेब ठेवते. कुठल्या गाडीत किती लिटर भरलं, ते दिवसभर एक्सेलमध्ये चढवायचं, हेच माझं काम, आणि आईच्या आजारपणात ते घरून करायची मुभा मिळाली होती. त्यामुळे वही वगैरे काढायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि ऑफिसात करते तशीच शीट केली. पहिल्या रकान्यात वर्षअखेरपर्यंतच्या सगळ्या तारखा, दुसऱ्यात शब्द. वर एका चौकोनात ‘आजपर्यंत’ असं लिहून फॉर्म्युला घातला: तारखांचा रकाना बघ, आजची किंवा आजच्या आधीची तारीख असेल त्याच ओळी घे, त्यांतल्या शब्दांची बेरीज कर. आजची तारीख हातानं घालावी लागत नाही, ‘टुडे’ लिहिलं की संगणक ती आपणहून घेतो. आणि अगदी खाली सबंध रकान्याची साधी बेरीज. पुढच्या ओळी कोऱ्याच, म्हणजे वरचा आकडा आणि खालचा आकडा एकच यायला हवा. नाही आला, तर आपलं कुठंतरी चुकलंय. ऑफिसातली सवय, दुसरं काय.

दिवसभर आईला सांभाळायला एक मावशी असायच्या. त्यांनी वाकून पडद्याकडे पाहिलं.

“ताई, शब्द काय मोजताय? बटाटे आहेत का ते?”

“मोजले की वाढतात, असं बाई म्हणाल्या.”

“मग माझ्या नवऱ्याचे कुणी मोजू नका म्हणावं,” मावशी म्हणाल्या आणि आई हसली. आवाज न करता, एका बाजूनं, पण हसली.

२

वरचा आकडा आणि खालचा आकडा रोज जुळायचा. कधी दिवसाचा एक शब्द, कधी तीन, कधी एकही नाही. बेरीज मुंगीच्या पावलानं पुढे जात होती आणि मला तिचं फार कौतुक होतं.

एका संध्याकाळी आकडे जुळले नाहीत.

खालचा आकडा मोठा होता. थोडाथोडका नाही, वरच्याच्या कितीतरी पट. मला पहिल्यांदा हसूच आलं. लॅपटॉप पुसताना मावशींचं फडकं कीबोर्डवर पडलं असणार आणि खाली कुठल्या तरी ओळीत काहीबाही उमटलं असणार. मी खाली सरकत गेले. पुढचा आठवडा, पुढचा महिना, थेट वर्षअखेर. सगळ्या ओळी कोऱ्या होत्या.

कोऱ्या दिसतात पण नसतात, असंही होतं. कुणी पांढऱ्या अक्षरात लिहितं, कुणी ओळी लपवतं. मी सगळं तपासलं. शेवटी पुढच्या साऱ्या ओळी निवडून एकदम पुसून टाकल्या. खालचा आकडा हलला नाही.

मग मी नवी शीट केली. मागचे सगळे शब्द एकेक करून हातानं घातले, फॉर्म्युले नव्यानं लिहिले. आकडे जुळले. बरं वाटलं. उठून आईला औषध दिलं, तिची उशी सारखी केली, परत येऊन बसले. खालचा आकडा पुन्हा मोठा झाला होता. मघाशी जेवढा होता तेवढाच.

आतून आईच्या श्वासाचा आवाज येत होता. पंखा एका फेरीला कट् करायचा, तो आवाज येत होता. मी स्वतःला म्हटलं, यंत्र आहे, बिघडतं कधीकधी, त्यात एवढं काय. आणि झाकण खाली केलं.

३

मी मग जे केलं ते कुणीही केलं असतं. बेरीज जर पुढच्या ओळींतून येतेय, तर ती कुठल्या ओळीतून येतेय ते शोधायचं. डिझेलच्या हिशेबात घोळ झाला की मी तेच करते. ‘टुडे’ काढायचं, तिथं तारीख घालायची आणि ती एकेक दिवस पुढे सरकवत बघायचं की आकडा कुठं उडी मारतो.

दुसऱ्या दिवशीची तारीख घातली. आकडा चारानं वाढला.

उद्याच्या ओळीत काहीच नव्हतं. मी त्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवून बसले, जणू बोटाला काही लागेल. मग ‘टुडे’ परत लिहिलं आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला. काढून टाकला असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी खिडकीचा पडदा सारला तेव्हा आई म्हणाली, “ऊन.” दुपारी जेवताना म्हणाली, “नको.” भावाचा फोन आला, तो पडद्यावर दिसला, तेव्हा म्हणाली, “बटण.” लहानपणी त्यानं आईच्या डब्यातलं एक बटण गिळलं होतं, तेव्हापासून ते त्याचं नावच पडलंय. तिकडे तो आनंदानं ओरडला. चहाच्या वेळेला आईनं कप दूर सारला आणि म्हणाली, “पुरे.”

चार झाले.

मी पाण्याचा पेला उचलून तिच्यासमोर धरला. “आई, हे काय? सांग ना, हे काय?”

तिला येत होतं. तिच्या डोळ्यांत मला तो शब्द दिसत होता. ओठ मिटले, ‘प’साठी मिटतात तसेच मिटले, आणि तिथंच राहिले. तिनं मानेला हिसका दिला, पुन्हा प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं.

“ताई, बास करा,” मावशी मागून म्हणाल्या. “दमल्यात त्या.”

मी पेला खाली ठेवला.

४

आता मला वाटायला लागलं, दोष माझाच आहे. आकडा आधीच माहीत असला की माणूस नकळत तेवढंच मोजतं. एखादा अर्धामुर्धा शब्द धरायचा की सोडायचा, ते शेवटी आपणच ठरवतो. म्हणून मी मोजणंच सोडलं आणि ते काम मावशींना दिलं. आईचा बटणांचा डबा त्यांच्या हाती दिला आणि म्हटलं, आई आपणहून एक शब्द बोलली की एक बटण या वाटीत टाकायचं. दुसरं काही सांगितलं नाही. दिवसभर मी दुसऱ्या खोलीत डिझेल मोजत बसले.

संध्याकाळी वाटीत बटणं पडलेली असायची. पांढरी, काळी, एखादं पितळी. मी ती तळहातावर ओतायचे आणि मग शीट उघडायचे. आदल्या दिवशी तारीख सरकवून पाहिलेला आकडा आणि हातातली बटणं एकच असायची. एके दिवशी आकडा वाढणारच नव्हता. त्या दिवशी मी वाटी बघायलाही गेले नाही. मावशींनी रिकामी वाटी धुऊन पालथी घातलेली मला स्वयंपाकघरात दिसली.

मी एकदा मावशींना विचारलं, “तुम्ही अंदाजानं नाही ना टाकत?”

“अंदाजानं?” त्या दुखावल्या. “आजींचा एकेक शब्द म्हणजे माझ्यासाठी सोन्याचा, ताई. अंदाजानं कशाला टाकू?”

५

उद्याच्या पुढच्या तारखा बघायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं. एका दुपारी आई झोपली, मावशी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, आणि मी बघितल्या.

पहिल्यांदा तोच मुंगीचा वेग होता. दोन, पाच, चार. मग एका तारखेपासून आकडा रोज मोठा होत गेला. वीस. पन्नास. त्याहून जास्त. मग शेकड्यांनी. आई बोलणार होती. एकेक शब्द नाही, आईसारखं बोलणार होती, गिऱ्हाइकांशी बोलायची तसं. मी खुर्चीतून अर्धी उठले, मावशींना हाक मारणार होते.

शेवटच्या काही दिवसांत आकडा हजारांनी उड्या मारत होता. आणि मग थांबला.

मी पुढची तारीख घातली. आकडा तोच. त्याच्या पुढची घातली, तोच. पुढचा महिना घातला. वर्षअखेर घातली. तोच आकडा, खालच्या साध्या बेरजेएवढा. एका तारखेच्या पलीकडे आईचा एकही शब्द नव्हता.

बाहेर मावशी कपडे झटकत होत्या, त्याचा फटफट आवाज येत होता. मी किती वेळ बसले कोण जाणे. मग भावाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“ताई, फॉर्म्युला चुकलाय,” तो म्हणाला. “तू किती दिवस नीट झोपली नाहीस?”

“फॉर्म्युला मी वीस ठिकाणी वापरते. तो चुकत नाही.”

“मग लॅपटॉप बिघडलाय. दुसऱ्यावर बघ.”

“ऑफिसच्या लॅपटॉपवर बघितलं. तेच येतं.”

त्याच्याकडे मागे रस्त्यावरचे हॉर्न वाजत होते. मग एकदम खालच्या आवाजात त्यानं विचारलं, “कुठल्या तारखेला थांबतं?”

मला ते तोंडातून काढवेना. “सुट्टी काढून ये,” मी म्हटलं. “आई बोलणार आहे.”

त्याच आठवड्यात मी आईला तपासून आणलं. रक्तदाब उत्तम, हृदय उत्तम. डॉक्टर म्हणाले, “यांच्यापेक्षा तुमचाच चेहरा उतरलाय.”

६

त्या तारखेला, ज्या तारखेपासून आकडा उसळी घेत होता, आई सकाळी उठली आणि म्हणाली, “चहात साखर कमी आहे गं.”

मावशींच्या हातून बशी पडली.

दोन दिवसांनी थेरपिस्ट बाई आल्या, तर आईनं त्यांना विचारलं, “ही बाही कुणी शिवली? खांद्यावर चुणी पडलीय.” बाई बघतच राहिल्या. मग त्यांनी आईचे दोन्ही हात धरले. जाताना मला म्हणाल्या, “इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही हो मी. तुम्ही खूश नाही का?”

“आहे ना,” मी म्हटलं.

मी घाबरून गेले होते. तिचा प्रत्येक शब्द मला पेल्यातून सांडणाऱ्या पाण्यासारखा वाटत होता. मला वाटलं, ती कमी बोलली तर आकडा गाठला जाणार नाही, आणि आकडा गाठला नाही तर ती तारीखही यायची नाही. असं होत नसतं, हे मलाही कळत होतं. पण हाताशी दुसरा उपाय नव्हता. म्हणून मी तिला गप्प करायला लागले.

“आई, दमशील. पुरे आता.”

“आई, डोळे मिटून पड बघू जरा.”

“मावशी, तिला बोलतं करू नका हो. डॉक्टरांनी सांगितलंय.” डॉक्टरांनी असं काहीही सांगितलं नव्हतं.

आई सांगायला लागली की मी उठून जायचे. समोर कुणी नसलं की माणूस बोलायचं थांबतं. एकदा ती एका गिऱ्हाइकाची गंमत सांगत होती, लग्नाच्या दिवशी कोट घेऊन आला आणि घालून बघतो तर कोट भावाचा. मी मधेच उठले. तिनं माझी ओढणी धरली, डाव्या हातानं.

“मी बोलले की तुला त्रास होतो का?”

“नाही गं आई. तुझ्याच भल्यासाठी सांगतेय.”

तिनं ओढणी सोडली. नंतर ती खरोखरच गप्प झाली. भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी वाटीत मोजकीच बटणं होती, शीटमधल्या आकड्याच्या आसपासही नव्हती. पहिल्यांदाच जुळलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी मावशींना मिठी मारली.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी औषधं आणायला गेल्या होत्या. मी स्वयंपाकघरात होते. आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आणि आतून बोलण्याचा आवाज येत होता.

आवाज आईचाच होता. सावकाश, मजेत, मशीनवर बसून बोलायची तसा. मधे थांबत होता. समोरच्यानं काही म्हटलं की आपण थांबतो ना, तेवढाच. मग पुन्हा सुरू होत होता. मला वाटलं, भावाचा फोन आला असेल. पण आईचा फोन माझ्यासमोर टेबलावर पडला होता.

मी दारापाशी गेले. बोटभर फट होती.

आई माझ्याकडे तोंड करून कुशीवर झोपली होती. डोळे मिटलेले. पांघरूण संथ वर होत होतं, खाली जात होतं. ओठ मिटलेले होते. ती बोलतच होती.

“...थोरली हिशेबाला पक्की आहे. लहानपणापासूनच. बटणं रंगावारी लावून ठेवायची.” आवाज थांबला. मग जरासा हसला. “नाही हो, स्वभावानं चांगलीच आहे. पण हल्ली माझं ऐकून घेत नाही.”

मी चौकट धरली. ओठांवरून माझी नजर हलत नव्हती. एकदाही हलले नाहीत ते. पलंगासमोर खुर्ची होती, तिच्यावर आईची शाल होती, बाकी कुणी नव्हतं, आणि आवाज पलंगावरून त्या खुर्चीकडे जात होता.

“तिला वाटतं, न बोलून शिल्लक राहतं,” आवाज म्हणाला.

माझ्या हाताखाली दार कुरकुरलं. आवाज बंद झाला. आईनं डोळे उघडले, मला पाहिलं आणि झोपेतून उठलेल्या माणसासारखी विचारू लागली, “काय गं? मावशी आल्या?”

मी तिथंच खाली बसले. झोपेत माणसं बडबडतात, ओठ हलले असतील, फटीतून नीट दिसलं नसेल. हे सगळं मी मनाशी म्हटलं. पण एक गोष्ट मला कळून चुकली होती. ते शब्द बोलले जाणारच होते. मी ऐकले तर मला, आणि मी नाही ऐकले तर त्या खुर्चीला.

मी उठले, खुर्चीवरची शाल काढली आणि खुर्चीत बसले.

“आई,” मी म्हटलं, “तो कोटवाला. त्याचं पुढे काय झालं?”

८

भाऊ आला तो दोन बॅगा घेऊनच. त्यानं शीटचं एकदाही विचारलं नाही आणि मीही लॅपटॉप उघडला नाही. बटणं डब्यात परत गेली. मोजण्याच्या पलीकडे गेलं होतं ते.

आई सकाळी सुरू व्हायची ती अंधार पडेपर्यंत. आम्ही आळीपाळीनं जेवायचो म्हणजे तिच्यासमोर कुणीतरी असायचं. तिनं आम्हाला आमच्या बाबांचं सांगितलं, पहिल्यांदा भेटले तेव्हा शर्टाचं कोपर फाटलं होतं म्हणून दुकानात आले आणि मग मुद्दाम शर्ट फाडून येऊ लागले. भावाला बटण गिळल्याची गोष्ट सांगितली, आणि तिसऱ्या दिवशी ते बटण मिळाल्यावर तिनं ते धुऊन एका वकिलाच्या कोटाला लावलं, हेही सांगितलं. भाऊ हसून हसून जमिनीवर लोळला. मावशी घरी जायची वेळ झाली तरी दाराशी पिशवी घेऊन उभ्या राहून ऐकायच्या. मी तिच्या पायांवर डोकं टेकून बसायचे. इतकी सुखी मी कधी नव्हते आणि इतकी घाबरलेलीही कधी नव्हते. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

शेवटच्या तारखेला आई आमच्याही आधी जागी झाली होती. त्या दिवशी ती गोष्टी सांगत नव्हती, बारीकसारीक बोलत होती. गॅसची नळी बदलून घ्या. तुझ्या डोळ्यांखाली काळं झालंय, क्रीम लाव. बटण, मुलीला फार रागावू नकोस, ती तुझ्यावरच गेलीय.

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं. भाऊ चहा करायला गेला. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली करून विचारलं, “किती राहिले गं?”

मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं. भावानंही नाही, मी नंतर विचारलं त्याला.

“कशाचं विचारतेस, आई?”

ती नुसती हसली. दोन्ही बाजूंनी हसली, झटक्याच्या आधी हसायची तशी. भाऊ चहाचे कप घेऊन आला. तिनं दोन घोट घेतले, ओठ पुसले, मागे टेकली.

“उद्या सकाळी ना,” ती म्हणाली, “मला तू जरा...”

आणि थांबली.

मी वाट पाहिली. तिचं तोंड उघडंच होतं, पुढच्या शब्दासाठी उघडलेलं. ती माझ्याकडे बघत होती. मग तिच्या कपाळाला आठी पडली. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली काहीच नसावं, तसा तिचा चेहरा झाला. तिनं पुन्हा जोर केला. मानेच्या शिरा वर आल्या. नुसती हवा बाहेर आली.

“आई?” भाऊ म्हणाला. “आई, जरा काय? आई!”

९

आई गेली नाही.

आम्ही तिला तसंच दवाखान्यात नेलं. भाऊ रस्ताभर तिचं मनगट धरून होता. मी डोळे मिटून बसले होते, आता कळेल, आता कळेल, असं म्हणत. रात्रभर तपासण्या झाल्या आणि सकाळी डॉक्टर म्हणाले, नवीन काही नाही. दुसरा झटका नाही, रक्तस्राव नाही, काही नाही. बोलणं का थांबलं सांगता येणार नाही. तसं ते परत का आलं होतं, तेही सांगता आलं नव्हतं. घरी न्या.

तिला निरोप द्यायची आम्ही मनोमन सगळी तयारी केली होती. आणि ती गाडीत माझ्या शेजारी बसून बाहेरची दुकानं बघत होती.

याला आता बरीच वर्षं झाली. आई जेवते, झोपते, खिडकीशी बसते. आमचं सगळं तिला कळतं. हाताला हात लावला की दाबते. पण त्या दिवसापासून तिच्या तोंडून एक शब्द निघालेला नाही, ‘अगं’सुद्धा नाही. थेरपिस्ट बाई अजून काही महिने येत राहिल्या, मग त्यांनीच सांगितलं की आता माझ्यावर पैसे वाया घालवू नका. ती शीट भावानं जायच्या आधी पुसून टाकली. मला विचारलं नाही, आणि बरंच केलं.

दुपारी घर शांत असलं की कधीकधी तिच्या खोलीतून आवाज येतो. शब्द नसतो तो. बोलायला सुरुवात करण्याआधी माणूस श्वास आत घेतं, तेवढाच असतो. मी हातातलं काम थांबवते. पुढे काही येत नाही. जाऊन बघते तर ती झोपलेली असते, ओठ मिटलेले असतात, आणि तो श्वास पुन्हा येतो.

पण मला छळतं ते वेगळंच. उद्या सकाळी मला तू जरा. काय जरा? दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच सकाळी मी तिची वेणी घातली आणि विचारलं, “हे सांगत होतीस?” तिनं मान हलवली, नाही. दुसऱ्या दिवशी खुर्चीतून उन्हात नेऊन बसवलं. नाही. कपाटातली जुनी साडी काढून नेसवली. बाबांचा फोटो आणून दिला. भावाला फोन लावून दिला. केस धुतले, नखं कापली, तिची खिडकीशी बसायची जागा बदलून पाहिली. रोज सकाळी काहीतरी नवीन करायचं आणि विचारायचं, “हे?” तिनं सांगायचं, नाही. तिला सगळं आठवत होतं. तो शब्द तिच्या डोळ्यांत दिसायचा मला, आणि तो कुठला आहे ते मला वाचता येत नव्हतं. मावशी म्हणायच्या, “ताई, सोडा आता.” मला सोडवत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी टबात कोमट पाणी घेतलं, तिचे पाय त्यात सोडले आणि टाचा चोळत बसले. काही सुचेनासं झालं होतं, म्हणून हे. वर न बघताच सवयीनं विचारलं, “हे सांगत होतीस का गं?”

उत्तर आलं नाही, म्हणून मी मान वर केली. आई माझ्याकडे बघत होती. माझे केस पिकलेत, ते बघत होती बहुतेक. बराच वेळ बघितलं तिनं. मग मान हलवली. हो.

दुकानात कुणाचा कपडा बिघडला आणि त्या माणसाचा चेहरा पडला, की आई म्हणायची, छान दिसतंय हो, कुणाला कळणारही नाही. तेव्हा ती अशीच बघायची.

“हेच होतं?” मी विचारलं.

तिनं पुन्हा मान हलवली. हो, हो. आणि डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

मी तिचे पाय पुसले, मोजे घातले, टबातलं पाणी ओतून दिलं. त्यानंतर मी तिला कधी विचारलं नाही.